आठ हजार स्तंभ आणि एक न्यूरल नेटवर्क: भौतिकी आणि मशीन लर्निंगच्या जोडणीचं एक प्रकरण

१२८ गुणिले ६४ म्हणजे ८१९२. संगणकात एक पृथ्वी उभी केली आहे आणि तिचं वातावरण इतक्या उभ्या स्तंभांत कापलं आहे. या पृथ्वीवर जमीन नाही, डोंगर नाहीत, सगळीकडे पाणीच पाणी. दिवस-रात्र होतात, पण सूर्य कायम विषुवदिनाच्या जागी, त्यामुळे ऋतूही नाहीत. प्रत्येक स्तंभाचे ३० थर, आणि मॉडेल दर अर्ध्या तासाला एक पाऊल पुढे टाकतं.

२०१८ साली 'पीएनएएस' या नियतकालिकात आलेला एक शोधनिबंध या पाण्याच्या पृथ्वीवर घडतो. पहिले लेखक स्टीफन रास्प तेव्हा म्युनिकच्या लुडविग मॅक्सिमिलियन विद्यापीठात पीएच.डी. करत होते. सोबत होते अर्व्हाइनच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले माइक प्रिचर्ड आणि कोलंबिया विद्यापीठातले पिएर जाँतीन. हवामानाच्या अंदाजासाठी भौतिकी आणि मशीन लर्निंग एकत्र आणायचं, असा विषय घेऊन कुणी डॉक्टरेटला बसणार असेल तर त्याने आधी हे प्रकरण मुळापासून वाचावं असं मला वाटतं. निबंध यशाचा आहे, पण खरा धडा त्या यशाच्या आजूबाजूला जे सांडलं होतं त्यात आहे.

अडचण कुठे होती

वातावरणाच्या मॉडेलचे दोन भाग असतात. पहिला भाग वारा, दाब, तापमान यांची समीकरणं सोडवतो. हवा एका चौकटीतून दुसरीत कशी जाते ते पाहतो. याला डायनॅमिकल कोअर म्हणतात. त्यामागची भौतिकी शंभराहून अधिक वर्षं माहीत आहे आणि तिच्याबद्दल फारसं भांडण नाही. भांडण दुसऱ्या भागाचं. वर सांगितलेल्या पाण्याच्या पृथ्वीवर विषुववृत्ताजवळ एक चौकट ३०० किलोमीटरपेक्षा जास्त रुंद आहे. गडगडाटी ढगाचा मनोरा असतो काही किलोमीटरचा. म्हणजे चौकटीच्या सरासरीत ढग दिसतच नाही, पण तो उष्णता आणि बाष्प वर नेतो, पाऊस पाडतो, ऊन अडवतो. न दिसणाऱ्या ढगांचा दिसणाऱ्या सरासरीवर होणारा परिणाम काही सूत्रांनी अजमावायचा, याला पॅरामीटरायझेशन म्हणतात. ही सूत्रं माणसांनी हाताने लिहिलेली, कित्येक दशकं घासूनपुसून घेतलेली, आणि तरीही त्यांचे काही दोष जात नाहीत. विषुववृत्ताजवळ पावसाचा एक पट्टा पडायला हवा तिथे दोन पडतात, हा त्यातला एक जुना आणि चिवट.

यावर एक महागडा उपाय आधीपासून होता. प्रत्येक स्तंभाच्या पोटात ढगांचं एक छोटं मॉडेलच बसवायचं: प्रत्येकी ४ किलोमीटर रुंद आठ उपस्तंभ, २० सेकंदांचं पाऊल. याला सुपरपॅरामीटरायझेशन म्हणतात. ढग बरेच खऱ्यासारखे वागतात, पण हिशेब करून पाहा: बाहेरचं मॉडेल अर्ध्या तासाचं एक पाऊल टाकतं तेवढ्यात आतलं ९० पावलं टाकतं, तेही ८१९२ ठिकाणी.

रास्प आणि सहकाऱ्यांचा डाव सरळ होता. हे महाग मॉडेल एक वर्ष चालवायचं. प्रत्येक पावलाला, प्रत्येक स्तंभात आत काय गेलं आणि बाहेर काय आलं ते नोंदवायचं. मग तेच देणं-घेणं एका न्यूरल नेटवर्कला, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रोग्रामला, शिकवायचं आणि आतलं मॉडेल काढून त्या जागी नेटवर्क बसवायचं. वर्षाची १७,५२० अर्ध्या तासांची पावलं गुणिले ८१९२ स्तंभ, म्हणजे १४ कोटींहून जास्त नमुने. वीसेक वर्षांपूर्वी असे प्रयोग होत नव्हते असं नाही, पण इतकी विदा (डेटा) कुणाच्या हाताशी नव्हती.

नेटवर्कची रचना आजच्या मानाने साधी म्हणावी लागेल. आत जाणारे आकडे ९४: तापमान, बाष्प आणि उत्तर-दक्षिण वारा यांचे प्रत्येकी ३०, शिवाय पृष्ठभागाचा दाब, वरून येणारं ऊन आणि समुद्राकडून येणारे उष्णतेचे दोन प्रवाह. बाहेर येणारे ६५: प्रत्येक थरात किती तापणार आणि किती ओलावणार याचे ६०, वरच्या आणि खालच्या टोकाच्या प्रारणाचे चार, आणि पाऊस. मध्ये नऊ थर, प्रत्येकात २५६ गाठी. कागदावर गुणाकार केला तर शिकायचे आकडे ५,६७,३६१ निघतात. वाऱ्याची समीकरणं नेटवर्कला शिकवलेली नाहीत. ती डायनॅमिकल कोअरकडेच राहिली. जे माहीत आहे ते भौतिकीने करावं, जे नीट लिहिता येत नाही ते नेटवर्कने, ही या प्रकरणातली वाटणी.

जोडल्यावर

नेटवर्क कोअरला जोडलं आणि पाच वर्षं चालवलं. कोसळलं नाही. पावसाचा पट्टा एकच राहिला. विषुववृत्तावरून सरकणाऱ्या लाटा महाग मॉडेलसारख्याच आल्या, मुसळधार पावसाचं प्रमाणही जुळलं, आणि हे सगळं सुमारे २० पट वेगाने. ऊर्जा टिकली पाहिजे असं नेटवर्कला कुणी सांगितलं नव्हतं, तरी तिचा ताळेबंद जवळपास जुळत होता. निबंध गाजला त्यात नवल नाही.

पण दोन गोष्टी नीट पाहायला हव्यात. पहिली निबंधातच आहे: समुद्राचं तापमान सगळीकडे ४ अंशांनी वाढवलं की नेटवर्क चुकायला लागलं. थंड आणि उष्ण अशा दोन्ही पृथ्वी दाखवून शिकवलं तर मधली तापमानं त्याला जमली. आकड्यांच्या मधलं जमतं, पलीकडचं नाही. दुसरी गोष्ट रास्प यांनी २०२०च्या एका निबंधात मोकळेपणाने लिहिली: २०१८चं मॉडेल स्थिर ठेवता आलं खरं, पण शिकवण्याच्या विदेत किंवा आत-बाहेरच्या आकड्यांत थोडा बदल केला की मॉडेलची रन कधी उडेल याचा नेम नव्हता.

हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचतो. इथे 'उडणं' म्हणजे अंदाज थोडा चुकणं नव्हे. वारा किंवा तापमान अशक्य आकड्यांवर जातं आणि प्रोग्राम बंद पडतो. आणि हे चाचणीत पहिल्या वर्गात आलेल्या नेटवर्कचं होतं. वेगळ्या ठेवलेल्या विदेवर त्याची चूक अगदी कमी दिसते. तेच कोअरला जोडलं की काही दिवसांत मॉडेल जमिनीवर. या क्षेत्रात पहिल्या परीक्षेला ऑफलाइन म्हणतात आणि दुसरीला ऑनलाइन. ऑफलाइनचा आलेख दाखवून सादरीकरण संपवणारे बरेच असतात. प्रश्न विचारायचा असतो तो ऑनलाइनचा.

असं का होतं

ऑफलाइन परीक्षेत नेटवर्कसमोर येणारी प्रत्येक हवा महाग मॉडेलने तयार केलेली असते. उत्तर चुकलं तर ती चूक तिथेच संपते, पुढचा प्रश्न पुन्हा कोरा. ऑनलाइनमध्ये नेटवर्कचं उत्तर कोअरमध्ये जातं, कोअर त्यावरून नवी हवा बनवतो आणि तीच पुन्हा नेटवर्ककडे येते. एका थराला जरा जास्त ओलावा दिला तर पुढच्या पावलाला समोर येणारी हवा शिकवलेल्या १४ कोटींपैकी कुणासारखीच नसते. तिथे नेटवर्क काय बोलेल याला आधार काहीच नाही, पण बोलतं मात्र ते तितक्याच ठामपणे.

चूक साचत जाते हे अर्धंच उत्तर झालं. नुसती साचली असती तर अंदाज हळूहळू बिघडला असता. उरलेलं अर्धं मला जास्त रंजक वाटतं, आणि ते शोधलं नोआ ब्रेनोवित्झ आणि क्रिस्टोफर ब्रेदर्टन यांनी. त्यांची विदा वेगळी होती: जवळपास सगळी पृथ्वी ४ किलोमीटरच्या जाळीवर चालवायची आणि मग ती १६० किलोमीटरच्या चौकटींत सरासरी काढून गोळा करायची. त्यांचंही नेटवर्क जोडल्यावर उडत होतं. २०१९मध्ये त्यांनी दाखवलं की वरच्या थरांतलं बाष्प आणि तापमान हे नेटवर्कला दाखवायचंच बंद केलं तर मॉडेल टिकतं.

माहिती कमी केल्यावर मॉडेल सुधारलं, हे ऐकायला उलटं वाटतं. कारण असं. उंच ढग फुटून वर पसरतो तेव्हा पाऊस पडत असतो आणि वरचे थरही ओले होतात. विदेत दोन्ही कायम एकत्र दिसतात. वर ओलावा दिसला की खाली पाऊस आहे असं नेटवर्क शिकतं, आणि ऑफलाइन परीक्षेत हे बिनचूक ठरतं. प्रत्यक्षात ओलावा हा पावसाचा परिणाम असतो. जोडलेल्या मॉडेलमध्ये मात्र नेटवर्क त्याला कारण समजून वागतं: वर थोडं बाष्प वाढलं, नेटवर्कने पाऊस आणि उष्णता वाढवली, हवा वर चढली, वर आणखी बाष्प. हे चक्र डायनॅमिकल कोअरमधल्या लाटांशी जुळलं की लाट स्वतःच्याच पायावर फुगत जाते. २०२०मध्ये याच दोघांनी टॉम ब्यूक्लर आणि प्रिचर्ड यांच्यासोबत नेटवर्क एका साध्या लाटेच्या समीकरणाला जोडून कुठल्या लाटा फुगतात ते काढून दाखवलं. म्हणजे मॉडेल उडणार की नाही याचा बराचसा अंदाज पूर्ण रन न करताही येतो. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत कमी वाखाणलं गेलेलं काम हेच.

इथे एक जुनी गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. लुईस फ्राय रिचर्डसन यांनी १९२२मध्ये हाताने केलेला हवामानाचा पहिला आकडेमोडीचा अंदाज छापला, तेव्हा सहा तासांत दाब १४५ हेक्टोपास्कलने बदलेल असं उत्तर आलं होतं. वादळातही असं होत नाही. समीकरणं बरोबर होती. सुरुवातीच्या नोंदींत वारा आणि दाब यांचा मेळ नव्हता, आणि तो न जुळलेला भाग वेगवान लाटांच्या रूपाने उत्तरात शिरला. पीटर लिंच यांनी नंतर त्याच नोंदी आधी नीट गाळून घेतल्या तेव्हा उत्तर शहाण्यासारखं आलं. आकडे सुटे सुटे पाहिले तर ठीक आणि एकत्र आणले की बेमेळ, हा आजार या धंद्याला नवीन नाही.

भौतिकी कुठे घालायची

२०१८नंतरची बरीच कामं एकाच प्रश्नाभोवती फिरतात: नेटवर्कमध्ये भौतिकी घालायची तर कुठल्या दाराने?

सगळ्यांत सोपं दार बाहेर पडण्याचं. ब्यूक्लर आणि सहकाऱ्यांनी २०२१मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये दोन पद्धती शेजारी ठेवल्या. एक, ऊर्जा किंवा वस्तुमानाचा ताळेबंद चुकला की शिकवताना दंड लावायचा. दोन, नेटवर्कने काही आकडे सांगायचे आणि उरलेले ताळेबंदाच्या समीकरणातूनच काढायचे, म्हणजे चुकायला वावच नाही. दंडाने चूक कमी होते, शून्य होत नाही. दुसऱ्या पद्धतीत ती संगणकाच्या अचूकतेइतकी खाली येते. जानी युवाल आणि पॉल ओ'गॉर्मन यांनी २०२०मध्ये आणखी वेगळी युक्ती वापरली: नेटवर्कऐवजी रँडम फॉरेस्ट, म्हणजे 'हो की नाही' प्रश्नांच्या अनेक झाडांचा समूह. ते शिकलेल्या नमुन्यांची सरासरी सांगतं, त्यामुळे उणा पाऊस सांगूच शकत नाही आणि ऊर्जेचा ताळेबंदही आपोआप पाळतं. पुढच्या वर्षी त्यांनी क्रिस हिल यांच्यासोबत न्यूरल नेटवर्कला थर किती तापेल हे न विचारता थराच्या सीमेतून किती प्रवाह जाईल हे विचारलं. एका थरातून गेलं ते दुसऱ्यात आलंच पाहिजे, म्हणून हिशेब जुळलेलाच. प्रश्न बदलला आणि निम्मी कटकट गेली.

पण ताळेबंद जुळला म्हणून वागणं बरोबर असं होत नाही. पैशांचा हिशेब पैपर्यंत बरोबर ठेवूनही खर्च भलत्याच गोष्टीवर करता येतो. ऊर्जा तंतोतंत राखणारी नेटवर्कंही ४ अंश उष्ण पृथ्वीवर चुकतच होती.

त्याचं औषध आत जाण्याच्या दारात निघालं. हवा एक अंश तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. ४ अंशांना सुमारे ३० टक्के. म्हणजे उष्ण पृथ्वीवरचे बाष्पाचे आकडे नेटवर्कने कधी पाहिलेलेच नसतात. तेच बाष्प सापेक्ष आर्द्रता म्हणून, म्हणजे हवा धरू शकते त्याच्या किती टक्के असं दिलं तर थंड आणि उष्ण दोन्हीकडे आकडे शून्य ते शंभर टक्क्यांच्या आसपासच राहतात. तापमानाऐवजी वर चढणाऱ्या हवेला किती उचल मिळते ते दिलं तर तिथेही तसंच. ब्यूक्लर आणि सहकाऱ्यांनी २०२४मध्ये 'सायन्स अॅडव्हान्सेस'मध्ये हे सविस्तर मांडलं. यात नेटवर्कला हात लावलेला नाही. कुठल्या राशी हवामान बदललं तरी तशाच राहतात, हे ज्याला भौतिकी येते त्यानेच ओळखायचं. मशीन लर्निंग आलं की भौतिकी शिकायची गरज उरत नाही असं म्हणणाऱ्याला हे उदाहरण द्यावं.

तिसरं दार शिकवण्याच्या पद्धतीतच आहे, आणि ते उघडायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. दोष ऑनलाइन दिसतो तर शिकवणंही ऑनलाइनच का नको? रास्प यांनी २०२०च्या त्याच निबंधात लॉरेन्झ-९६ नावाच्या खेळण्यातल्या वातावरणावर हे करून पाहिलं: बारीक मॉडेल आणि नेटवर्क जोडलेलं मॉडेल शेजारी शेजारी चालवायचं आणि नेटवर्कने चालता चालता शिकत राहायचं. पण याहून सरळ मार्ग म्हणजे नेटवर्कला अनेक पावलं पुढे जाऊ द्यायचं, शेवटची चूक मोजायची आणि ती चूक पहिल्या पावलापर्यंत मागे नेऊन सुधारायची. त्यासाठी मधल्या डायनॅमिकल कोअरचाही डेरिव्हेटिव्ह लागतो, म्हणजे आत थोडा बदल केला तर बाहेर किती बदलतं याचा हिशेब. कित्येक दशकांत वाढलेल्या फोरट्रान या जुन्या संगणक-भाषेतल्या कोडमधून तो सहजी मिळत नाही. युरोपीय मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाज केंद्राने १९९७मध्ये चार मितींची विदा-जुळवणी, म्हणजे ठरावीक काळातली निरीक्षणं मॉडेलशी जुळवून अंदाजाची सुरुवात ठरवणं, रोजच्या कामात आणली, तेव्हा असेच डेरिव्हेटिव्ह कोड ओळीओळीने तयार करावे लागले होते. साधन जुनं, ते नेटवर्कच्या प्रशिक्षणाला जोडणं नवीन.

अंदाजापर्यंत

हे २०२४मध्ये 'नेचर'मध्ये न्यूरलजीसीएम म्हणून पूर्ण झालं. गूगलच्या गटाने जॅक्स या सॉफ्टवेअर-साधनात कोअर नव्याने लिहिला, त्यामुळे डेरिव्हेटिव्ह आपोआप मिळू लागला. लेखकांच्या यादीत युवाल आहेत, रास्पही आहेत. नेटवर्क इथेही एकेक स्तंभच पाहतं, २०१८सारखंच. शिकवायला पाण्याची पृथ्वी नाही तर ईआरए५, म्हणजे खऱ्या निरीक्षणांवरून पुन्हा बांधलेलं वातावरण. प्रशिक्षण सहा तासांच्या अंदाजापासून सुरू केलं आणि हळूहळू पाच दिवसांपर्यंत नेलं. म्हणजे स्वतःच्या चुकांनी बिघडलेली हवा नेटवर्कने शिकतानाच पाहिली.

०.७ अंशाच्या (अक्षांश-रेखांशाच्या) जाळीवरचे पहिल्या एक ते तीन दिवसांचे अंदाज तेव्हाच्या सर्वोत्तम मॉडेलांच्या पंगतीत बसले. इथे एक गोम आहे. ज्या मॉडेलमध्ये कोअरच नसतो आणि सगळंच विदेतून शिकलेलं असतं, उदाहरणार्थ २०२३चं ग्राफकास्ट, ती मॉडेलं सरासरी चुकीच्या मोजमापावर फार चांगली दिसतात. पण सरासरी चूक कमी करायची तर अनिश्चित जागी नकाशा धूसर करणं हा सोपा मार्ग असतो. वादळाची जागा नक्की माहीत नसेल तर ते थोडं इकडे, थोडं तिकडे पसरून द्यायचं. कुठेच पूर्ण चुकत नाही. कोअर असला की वारा आणि दाब यांचं नातं सहज सुटत नाही, आणि त्या तपासणीत न्यूरलजीसीएम ग्राफकास्टपेक्षा सरस ठरलं. उरलेल्या धूसरपणासाठी त्यांनी एकच उत्तर न शिकवता यादृच्छिक आवृत्ती केली, जी अनेक शक्यता देते. १.४ अंशाच्या जाळीवरचा हा शक्यतांचा समूह १५ दिवसांपर्यंत युरोपीय केंद्राच्या समूह-अंदाजाच्या तोडीस तोड किंवा त्याहून सरस ठरला.

तरी सगळं सुटलेलं नाही. लांबच्या काही रन अजूनही अस्थिर होतात. पहिल्या आवृत्तीत पाऊस आणि बाष्पीभवन यांची वजाबाकीच मिळत होती, पाऊस वेगळा नव्हता. समुद्राचं तापमान बाहेरून द्यावं लागतं. आणि लेखकांनी शोधनिबंधाच्या सारांशातच लिहिलं आहे की आजच्यापेक्षा फार वेगळ्या हवामानात हे मॉडेल पोहोचत नाही. समुद्र एक-दोन अंशांनी तापवला तर प्रतिसाद पटण्यासारखा येतो. ४ अंशांनी तापवला की भरकटतो. पाण्याच्या पृथ्वीवर २०१८मध्ये नेटवर्क अडखळलं होतं तेही याच ४ अंशांवर.